फास्टिंग इन्सुलिन : सरसकट नको

रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये रक्ततपासणीचे शिबिर लागते. टेबलावरच्या पत्रकात तीन पॅकेजे असतात. पहिल्यात साखर, चरबी, किडनी, लिव्हर. दुसऱ्यात थायरॉइड आणि व्हिटॅमिनांची भर. आणि सगळ्यात महागड्या तिसऱ्यात, ठळक अक्षरांत, फास्टिंग इन्सुलिन, म्हणजे उपाशीपोटी रक्तात किती इन्सुलिन आहे ते, आणि त्यावरून गणिताने काढलेला होमा-आयआर. शेजारी ओळ असते, ‘डायबेटिस होण्याच्या दहा वर्षे आधी ओळखा.’ साठीचे काका पहिल्या पॅकेजवर बोट ठेवतात, सून तिसऱ्यावर. थोडी घासाघीस होते आणि शेवटी घरातल्या चौघांचे तिसरेच पॅकेज घेतले जाते, कारण चौघांचे घेतले की सूट मिळते. शिवाय प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत अशा तपासण्यांचे पाच हजारांपर्यंत वजावटीत दाखवता येतात, ही आठवण करून द्यायला पत्रकवाला विसरत नाही.

माझे म्हणणे असे की फास्टिंग इन्सुलिनची ही तपासणी सरसकट करू नये. शिबिरात नको, वार्षिक पॅकेजात नको, सरकारी खर्चाने तर नकोच. इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला शरीराने दाद न देणे, हे थोतांड आहे, असे मला म्हणायचे नाही. तो खरा आहे, आपल्याकडे फार आहे, आणि तो हुडकायचे जे मार्ग हाताशी आहेत ते धूळ खात पडले असताना आपण एका चंचल आकड्यावर पैसे घालवतो आहोत, हे माझे दुखणे आहे.

आधी ही तपासणी हवी म्हणणाऱ्यांची बाजू, कारण ती भक्कम आहे. स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते आणि साखर ताब्यात ठेवते. रिपोर्टात उपाशीपोटीची साखर ९२ दिसते. ती ९२ वर राखायला स्वादुपिंडाला किती राबावे लागते आहे, ते मात्र कुठे दिसत नाही. हे वर्षानुवर्षे चालते. मग कधीतरी स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी दमतात, साखर चढू लागते आणि तेव्हा कुठे डॉक्टर म्हणतात, ‘बॉर्डरलाइन आहे, जरा गोड कमी करा.’ आठ वर्षे ‘नॉर्मल’ ऐकत आलेल्या माणसाला फसवणूक झाल्यासारखे वाटले तर नवल नाही. आयसीएमआर-इंडिॲब या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यांत १०.१ कोटी मधुमेही निघाले आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे १३.६ कोटी. गोव्यात तर प्रौढांमधले मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वांत जास्त. दर चौघांत एक. असे आकडे समोर असताना ‘आधी ओळखा’ ही हाक कोणाला पटणार नाही?

महाराष्ट्रात या तपासणीचे नाव घराघरांत पोचवले ते डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या मोहिमेने. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांतला दोन वेळा जेवणाचा विचार त्यांनी गावोगावी नेला. कडक भूक लागेल तेव्हा जेवा, ५५ मिनिटांत जेवण आटपा, मधे काही खाऊ नका, आणि सुरू करण्यापूर्वी फास्टिंग इन्सुलिन व एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) करून घ्या. त्याआधी फास्टिंग इन्सुलिन हा शब्द एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या, म्हणजे हार्मोनतज्ज्ञाच्या, चिठ्ठीबाहेर कोणी फारसा ऐकला नव्हता. आता तो लातूरपासून परदेशातल्या मराठी मंडळांपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरतो, तोही ‘माझे २२ वरून ९ वर आले’ अशा आनंदवार्तेसह. ‘दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाका’ या सल्ल्याला मराठी मध्यमवर्गाने पहिल्यांदा उलट प्रश्न विचारला तो या मोहिमेमुळे, आणि हे काही लहान काम नव्हे. पण आहाराची मोहीम आणि तिने हाती दिलेली मोजपट्टी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मी बोलतो आहे ते मोजपट्टीबद्दल.

ही मोजपट्टी आली कुठून? १९३६ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी रुग्णांना एकाच वेळी ग्लुकोज पाजून आणि इन्सुलिन टोचून पाहिले. काहींची साखर चटकन आवरली गेली, काहींची इन्सुलिनला न जुमानता चढत गेली. रक्तातले इन्सुलिन मोजण्याची सोय तेव्हा नव्हतीच. ती न्यूयॉर्कमध्ये सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यॅलो यांनी १९६० च्या सुमारास किरणोत्सारी आयोडीन वापरून शोधली आणि वैद्यकाला धक्का बसला, कारण प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन भरपूर निघाले. या शोधासाठी यॅलो यांना १९७७ चे नोबेल मिळाले. बर्सन तोवर वारले होते. मग १९७९ मध्ये क्लॅम्प नावाची पद्धत आली. एका शिरेतून ठरावीक वेगाने इन्सुलिन, दुसरीतून साखर घसरू नये एवढेच ग्लुकोज, आणि दोन-तीन तास दर काही मिनिटांनी रक्त काढून साखर बघत राहायचे. जितके ग्लुकोज जास्त सोडावे लागेल तितके शरीर इन्सुलिनला दाद देणारे. इन्सुलिन रेझिस्टन्सची खरी मोजणी ती हीच, पण ती प्रयोगशाळेबाहेर कोण करणार? म्हणून १९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या डेव्हिड मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी एक सुटसुटीत गणित दिले. उपाशीपोटीची साखर गुणिले उपाशीपोटीचे इन्सुलिन, भागिले ४०५. हेच होमा-आयआर. शेकडो लोकांच्या गटाची दुसऱ्या गटाशी तुलना करायची असेल तर हे गणित फार कामाचे आहे. संशोधनात ते याचसाठी वापरले जाते. सोसायटीतल्या सूनबाईंच्या एकट्या रिपोर्टवर ते चालवले की काय होते, ते बघू.

नात्यातल्या एका पस्तिशीच्या बाईंनी मला आपला रिपोर्ट पाठवला होता. उपाशीपोटीची साखर ९५. फास्टिंग इन्सुलिन १८. शेजारच्या रकान्यात प्रयोगशाळेची छापील मर्यादा २.६ ते २४.९. म्हणजे सगळे मर्यादेत, एकही आकडा ठळक केलेला नाही. पण ९५ गुणिले १८ भागिले ४०५ केले तर ४.२ येतात, आणि इंटरनेटवर कोणीही सांगते की २.५ च्या वर म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्स. बाईंचा प्रश्न सरळ होता. ‘मला आहे की नाही?’ एकाच कागदावर दोन्ही उत्तरे होती. छापील मर्यादा ‘निरोगी’ म्हणून निवडलेल्या लोकांच्या रक्तावरून काढतात, आणि त्या निरोग्यांत पोट सुटलेले किती होते हे कोणी विचारत नाही. होमाची मर्यादा तरी एक आहे का? कुठे २, कुठे २.५, कुठे ३. उपाशीपोटीच्या साखरेसाठी १२६ ही मधुमेहाची रेघ जगभर मानली जाते, तसा इन्सुलिनसाठी एकही आकडा नाही.

बरे, तो १८ हा आकडा तरी किती पक्का? कोलेस्टेरॉल किंवा एचबीए१सी मोजणारी यंत्रे जगभर एका मापाला जुळवून घेतलेली असतात. इन्सुलिन मोजायच्या किटांचे, म्हणजे लॅबमधल्या तयार तपासणी-संचांचे, तसे अजून झालेले नाही. वेगवेगळ्या किटांची तुलना झाली तेव्हा तेच रक्त एका किटवर दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट इन्सुलिन दाखवते असे दिसून आले. म्हणजे बाईंचे १८ दुसऱ्या गल्लीतल्या लॅबमध्ये १० आले असते तर होमा २.३, आणि बाई एका दिवसात बऱ्या. मुळात इन्सुलिन रक्तात सलग वाहत नाही, ते दर काही मिनिटांनी लाटांनी सुटते आणि सुटल्यावर पाचेक मिनिटांत निम्मे नाहीसे होते. सुई नेमकी लाटेच्या माथ्यावर टोचली की खोलात, यावर आकडा हलतो. आदल्या रात्री झोप नीट झाली नसेल तर शरीराची इन्सुलिनला दाद तेवढ्यापुरती कमी होते. उद्या रक्त द्यायचे या काळजीने पहाटे चारला उठून बसणारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत. आणि नमुन्याचा प्रवास! रक्त काढताना लाल पेशी फुटल्या तर त्यांच्यातले एंझाइम इन्सुलिन खाऊन टाकते आणि आकडा खोटाच कमी येतो. एप्रिलमधल्या अकोल्यात सात घरांचे नमुने घेऊन, बर्फाची पिशवी केव्हाच वितळलेला डबा स्कूटरला लावून फिरणाऱ्या पोराचा यात दोष नाही. त्याला सात घरांमागे पैसे मिळतात, एका घरामागे वेळ मिळत नाही. पण त्या डब्यातून निघालेल्या दशांशचिन्हासकट आकड्यावर कोणी आयुष्याचा आराखडा आखू नये.

इथवरचे आक्षेप तांत्रिक आहेत आणि उद्या किटे सुधारली की ते कदाचित मिटतील. मिटणार नाही असा आक्षेप पुण्यातून येतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघे शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. एवढ्या एका चित्राने ‘बारीक दिसतो म्हणजे निरोगी’ हा आपला समज मोडला. त्याआधी, १९९३ पासून, याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा करत होते. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीनची. पुण्याच्या बाळांत स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली. पुढे नाळेतले रक्त तपासले तेव्हा इथल्या बाळांत लंडनच्या बाळांपेक्षा इन्सुलिन जास्त निघाले. आयुष्याचा पहिला घासही तोंडात गेला नव्हता तेव्हाची ही गोष्ट.

यावरून वाटेल की मग तर सर्वांचे इन्सुलिन मोजलेच पाहिजे. पण त्याच पुण्यातून २०२२ साली आलेला अभ्यास उलटे सांगतो. तरुणपणी टाइप २ मधुमेह झालेल्या भारतीयांचे गट पाडून पाहिले तेव्हा रेझिस्टन्सवाल्यांपेक्षा इन्सुलिनच मुळात कमी पडणाऱ्यांचा गट मोठा निघाला. युरोपात याच पद्धतीने पाडलेल्या गटांत चित्र वेगळे होते. आईच्या पोटात आणि बालपणी कुपोषण झालेल्या शरीरात स्वादुपिंडाचीच पुंजी तोकडी असते, असा याचा अर्थ लावला जातो. कुपोषणातून येणाऱ्या अशा मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये ‘टाइप ५’ म्हणून वेगळी मान्यताही दिली.

आता समजा, ऊसतोडीला जाणारा तिशीतला एक माणूस आहे. वजन ४८ किलो, उपाशीपोटीची साखर १०८, इन्सुलिन ४. होमा काढा, १.०७ येतो. पॅकेजच्या भाषेत उत्तम, हिरवा रंग. प्रत्यक्षात त्याचे स्वादुपिंड पुरे इन्सुलिन बनवू शकत नाही आणि साखर आधीच चढू लागली आहे. इन्सुलिन कमी असणे हे शरीर दाद देते याचे लक्षण असू शकते किंवा स्वादुपिंड संपत आल्याचेही, आणि एकटा आकडा दोघांत फरक करत नाही. ‘माझे २२ वरून ९ वर आले’ म्हणणाऱ्याचे वजन उतरले असेल, पोट आत गेले असेल तर अभिनंदन. पण वजन तेच, जेवणानंतरची साखर वाढलेली आणि इन्सुलिन मात्र घसरलेले, तर ती आनंदाची बातमी नाही. जिथे गरिबी आणि लठ्ठपणा एकाच तालुक्यात, कधी एकाच घरात नांदतात, तिथे ही तपासणी सरसकट करणे म्हणजे सुटलेल्या पोटांना घाबरवणे आणि खपाटीला गेलेल्यांना खोटा दिलासा देणे आहे.

मग रेझिस्टन्स ओळखायचा कसा? बाईंच्या त्याच कागदावर दोन पाने मागे चला. रक्तातल्या चरबीचे दोन आकडे : ट्रायग्लिसराइड १८६, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ३८. पहिल्याला दुसऱ्याने भागा, जवळपास पाच. हे गुणोत्तर तीनच्या वर गेले की इन्सुलिन रेझिस्टन्सची दाट शंका घ्यावी असे अभ्यास सांगतात. हेही गणित अचूक नाही, पण त्याचे पैसे आधीच भरलेले आहेत आणि चरबीच्या या दोन तपासण्या इन्सुलिनपेक्षा कितीतरी भरवशाच्या. आणि मग टेप. शिंप्याकडचा साधा टेप घेऊन, कपडा बाजूला करून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजायचे. पँटचा नंबर सांगायचा नाही. पँट पोटाखाली घसरते आणि नंबर वीस वर्षे ३४ च राहतो. भारतीय पुरुषात ९० सेंटिमीटर आणि बाईत ८० च्या वर गेले की धोक्याची रेघ ओलांडली. बाईंचे ९२ भरले.

मान सांगते ते तर फुकटच. मानेमागे, काखेत काळसर, मखमलीसारखा जाड पट्टा दिसला, त्यावर बारीक चामखिळी आल्या, तर रक्तात इन्सुलिन वाढलेले असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडे चौदा वर्षांच्या मुलीची अशी मान आई डाळीचे पीठ आणि लिंबू लावून दर रविवारी घासते आणि ‘नीट आंघोळ करत नाहीस’ म्हणून पोरीला बोल लावते. तो मळ नाही. पुढे त्याच मुलीची पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, पीसीओएस या बीजकोशांच्या विकाराचे निदान होते आणि चिठ्ठीवर फास्टिंग इन्सुलिन लिहिले जाते. पीसीओएसमध्ये इन्सुलिन रेझिस्टन्स मोठ्या प्रमाणात असतो हे खरेच आहे. पण या विकाराची २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही रोजच्या उपचारात इन्सुलिन मोजायला सांगत नाहीत. ती सांगतात, ग्लुकोज पाजून साखर बघा.

तिथेच यायचे होते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायचे, दोन तास एका जागी बसायचे, विडी-तंबाखू नाही, फेरफटका नाही, आणि दोन तासांनी साखर. १४० च्या आत असेल तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे उंबरठा, २०० वा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. ही जुनीपुराणी तपासणी आज कोणाला नको आहे. लॅबला नको, कारण माणूस दोन तास बाक अडवतो. माणसाला नको, कारण ऑफिस आहे. त्याऐवजी ‘पीपी’ करतात, म्हणजे घरी जेवून परत यायचे. पण जेवायचे काय, याला धरबंध नाही. रिपोर्ट चांगला यावा म्हणून दोन इडल्या खाऊन येणारे मला माहीत आहेत आणि त्या दिवशी मुद्दाम शिरा करणारेही. (उलटा धोकाही आहे. ग्लुकोजच्या तपासणीआधी तीन दिवस भात-पोळी सोडून बसलात तर साखर खोटीच जास्त येऊ शकते. रोजचे जेवण चालू ठेवून जायचे असते.) उपाशीपोटीची साखर नीट असूनही दोन तासांची बिघडलेली, अशी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि फक्त फास्टिंग बघितले तर ती निसटतात. ‘साखर नॉर्मल होती तरी झाला’ या तक्रारीतली बरीच माणसे याच फटीतून पडलेली असतात. त्यांना इन्सुलिनची तपासणी नव्हे, दोन तासांचा बाक हवा होता.

एचबीए१सी आहे की, असे कोणी म्हणेल. सोय म्हणून उत्तम. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्तक्षय निघाला, आणि लोहाची कमतरता असली की एचबीए१सी खरी साखर नसताना वर सरकते. गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेल या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे, तिथे हाच आकडा खाली फसवतो. हिमोग्लोबिन न बघता एचबीए१सी वाचू नये, एवढेच सांगून पुढे जातो.

दोन तासांच्या साखरेच्या बाजूने सर्वांत वजनदार पुरावा मधुमेह टाळण्याच्या प्रयोगांचा आहे. चीनमधल्या दाचिंगचा १९८६ मध्ये सुरू झालेला प्रयोग, अमेरिकेतला २००२ चा, आणि आपला चेन्नईचा डॉ. ए. रामचंद्रन यांचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला. तिन्हींत माणसे निवडली ती ग्लुकोज पाजून, दोन तासांच्या साखरेवर. अमेरिकेत आहार-व्यायामाने मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला, चेन्नईत साडेअठ्ठावीस टक्क्यांनी. आपल्याकडे फायदा निम्माच, पण तो मोजलेला, खरा फायदा आहे. या माणसांना काय करायला सांगायचे आणि त्याचे किती फळ मिळते, हे आपल्याला ठाऊक आहे. साखर सगळी ठीक, इन्सुलिन मात्र १८, अशा माणसाला सल्ला काय देणार? चाला, पोट कमी करा, भात-पोळीचा ढीग कमी करून डाळ-उसळ वाढवा, झोपा. हा सल्ला टेपचे ९२ बघूनही तोच होता. जो आकडा कळून पुढची कृती बदलत नाही, तो कळण्यासाठी मी पैसे का द्यावे? आणि बदलते तेव्हा अनेकदा वाईट दिशेने. ‘इन्सुलिन उतरवणाऱ्या’ गोळ्या-चूर्णांचा बाजार याच आकड्यावर उभा आहे.

यावर एक उत्तर मला नेहमी ऐकू येते आणि ते फेटाळण्यासारखे नाही. आकडा बघून माणूस हलतो. टेपला कोण भिते? लॅबच्या कागदावरचा लाल आकडा पाहिला की वडापाव सुटतो. असेल. काहींचा सुटतोही. पण हे खरे धरले तर छापील मर्यादेत बसलेला १८ पाहून निश्चिंत होणारेही तितकेच खरे, आणि त्यांच्या कहाण्या ग्रुपवर येत नाहीत. शिवाय तीन महिन्यांनी केलेल्या दुसऱ्या तपासणीत आकडा पाच-सहाने हलला तर तो तुमच्या कष्टाने की किटच्या लहरीने, हे कोणीच सांगू शकत नाही. कष्ट करूनही आकडा वर गेलेल्या माणसाला मी पाहिले आहे. त्याने चालणे सोडले. पोट पाच सेंटिमीटरने आत गेले होते, ते त्याच्या खिजगणतीत नव्हते.

इन्सुलिन मोजूच नये असे नाही. वारंवार साखर घसरून बेशुद्ध पडणाऱ्याच्या स्वादुपिंडात गाठ आहे का हे बघताना ते लागते. मधुमेह कोणत्या प्रकारचा, इन्सुलिनची सुई लागणार की नाही, हे ठरवायला सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते ते सांगणारी तपासणी) लागते. आणि संशोधनात लागते, जसे त्या नाळेतल्या रक्ताचे लागले. तज्ज्ञाने प्रश्न मनात ठेवून लिहिलेली तपासणी आणि सवलतीच्या पॅकेजातली तपासणी यांत फरक आहे तो इतकाच, की पहिलीचे उत्तर काय आले तर काय करायचे हे आधी ठरलेले असते.

पैसा आणि श्रम कुठे घालावेत, याचे एक ठिकाण मला दिसते. आशाताईंकडे टेप आणि एक फॉर्म आहे. मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमातल्या त्या फॉर्मवर तिशीपुढच्या प्रत्येकाचे वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम आणि घरातला मधुमेह यांना गुण देतात, आणि गुण चारच्या वर गेले की तपासणीला आधी बोलावतात. कल्पना झकास आहे. पण तिशीची अट आपल्या माणसांना उशिराची आहे. ज्याच्या आईवडिलांपैकी कोणाला मधुमेह आहे किंवा ज्या मुलीची मान काळी आहे, अशांना विसाव्या वर्षी ग्लुकोज पाजून बसवायला हरकत काय? आणि पुरुषांची कंबर मोजायला आशाताईने कसे सांगायचे, ही अडचण कोणी लिहून ठेवलेली नाही, त्यामुळे तो रकाना अंदाजाने भरला जाण्याची भीती आहे. गावात एक पुरुष कर्मचारी आठवड्यातून एकदा टेप घेऊन पारावर बसला तरी काम होईल.

त्याहून मोठी गळती बाळंतपणात आहे. गरोदरपणी प्रत्येक बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघायची, १४० वा वर गेली तर गर्भावस्थेतला मधुमेह, हा सरकारी नियमच आहे. तपासणी स्वस्त, निकष स्पष्ट, आणि अशा बाईला पुढे खरा मधुमेह होण्याचा धोका कितीतरी पट. दहा वर्षे आधी ओळखायचे म्हणतात ते याहून सोपे कुठे असणार? बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासावे, असेही नियमात आहे. पण पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. साखरेचा कागद सासरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, बाळंतपण माहेरच्या तालुक्याच्या दवाखान्यात, आणि सहावा आठवडा उजाडतो तेव्हा बाई बारशाच्या पाहुण्यांत असते किंवा परतीच्या एसटीत. दोन्हीकडची नर्स समजते की दुसरीने केले असेल. बाळाच्या लसीचे कार्ड मात्र या प्रवासात कधी हरवत नाही, दीड महिन्याचा डोस बरोबर त्याच सुमारास कुठे ना कुठे टोचला जातो. त्या डोसाच्या रांगेत आईलाही ग्लुकोजचा पेला द्यावा आणि तिच्या साखरेचा आकडा बाळाच्या कार्डाच्या मागच्या बाजूला लिहावा. दरवर्षी पुन्हा तपासायचे, हेही तिथेच लिहावे. यासाठी नवे यंत्र लागत नाही. लसीकरणाच्या दिवशी केंद्रात दोन बाक जास्त लागतील, आणि दुसऱ्यांदा साखर बघायला एक माणूस दुपारपर्यंत थांबावा लागेल.